कायम शिकाऊ

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या वर्गासाठी संयोजकांनी मला 'बदलती कौशल्ये आणि रोजगाराची प्रत' असा विषय दिला आहे. विषय मोठा आहे. तासाभरात त्याच्या सर्व अंगांना स्पर्श करावयाचे ठरविले तर हाती काहीच लागणार नाही. म्हणून त्यातील एकच प्रश्न मी आपल्यापुढे मांडणार आहे. शिकाऊ कोणाला म्हणावयाचे, आणि किती काळ?

प्रश्न दिसावयास किरकोळ आहे. परंतु चाकण, वाळूज, सातपूर किंवा बुटीबोरी येथील एखाद्या मोठ्या कारखान्याच्या फाटकाशी पाळी सुटण्याच्या वेळी उभे राहा आणि बाहेर पडणाऱ्या तरुणांना त्यांचा हुद्दा विचारा. 'मी येथला कामगार' असे सांगणारे थोडे निघतील. कोणी ट्रेनी असेल, कोणी अप्रेंटिस, कोणी ठेकेदाराकडचा, कोणी ठरावीक मुदतीच्या करारावरचा. लाईन एकच, पाळी एकच, हातातील पान्हाही तोच. पगार मात्र चार प्रकारचे आणि हक्क पाच प्रकारचे. या सर्व नावांमध्ये 'शिकाऊ' हे नाव सर्वांत निरुपद्रवी आणि सर्वांत प्रतिष्ठित आहे. शिक्षणाला कोण नाही म्हणेल? म्हणूनच त्याची अधिक काळजीपूर्वक तपासणी करणे आवश्यक आहे.

तुटवडा कशाचा?

गेली पंधरा-वीस वर्षे आपल्याला एक गोष्ट सतत ऐकविली जात आहे. देशात काम आहे, पण काम करण्याजोगी माणसे नाहीत. मुलांच्या हाती पदव्या आहेत, कौशल्य नाही. या निदानावर मोठा डोलारा उभा राहिला. २००८ साली राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ स्थापन झाले. २००९ च्या राष्ट्रीय धोरणाने २०२२ पर्यंत ५० कोटी लोकांना प्रशिक्षित करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. २०१५ साली 'स्किल इंडिया' अभियान आणि प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली. २०२२ साल उलटून गेले. ५० कोटींचे उद्दिष्ट गाठले गेले नाही. मधल्या काळात, २०१६ साली, शारदा प्रसाद समितीने उद्योगनिहाय कौशल्य परिषदांच्या कारभाराची तपासणी करून त्यावर कठोर टीका केली. अल्पमुदतीचे वर्ग, घाईची परीक्षा आणि हाती प्रमाणपत्र, हा प्रकार आपल्यापैकी अनेकांनी आपल्या तालुक्यात पाहिलेला आहे.

परंतु योजनेची अंमलबजावणी हा माझा आजचा मुद्दा नव्हे. मुद्दा निदानाचा आहे. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते की, वस्तूचा तुटवडा पडला की तिचा भाव चढतो. कांद्याची आवक घटली की लासलगावच्या बाजारात काय होते, हे सांगण्यासाठी प्राध्यापकाची गरज नाही. कुशल कामगारांचा खरोखरच तुटवडा असता तर दोन गोष्टी घडावयास हव्या होत्या. एक, त्यांचे वेतन झपाट्याने वाढावयास हवे होते. दोन, एकदा मिळालेला कुशल माणूस हातचा जाऊ नये म्हणून मालकाने त्याला कायम करून घ्यावयास हवे होते.

प्रत्यक्षात घडले ते उलट. सरकारच्याच वार्षिक उद्योग पाहणीनुसार या शतकाच्या आरंभी संघटित कारखान्यांतील कामगारांपैकी सुमारे २० टक्के कंत्राटी होते. आता ते प्रमाण ४० टक्क्यांच्या वर गेले आहे. नियमित पगारावर काम करणाऱ्यांचाच विचार केला तरी त्यांतील निम्म्याहून अधिक जणांच्या हाती नोकरीचा लेखी करार नाही, असे सरकारची श्रमबल पाहणी सांगते. तीच पाहणी असेही सांगते की, बेकारीचे प्रमाण अशिक्षितांपेक्षा पदवीधरांत कितीतरी अधिक आहे. जो माल दुर्मिळ आहे म्हणून ओरड चालते, तोच माल दर सात-आठ महिन्यांनी फाटकाबाहेर टाकून दिला जातो. याचा अर्थ सरळ आहे. तुटवडा कौशल्याचा आहे त्याहून अधिक चांगल्या नोकऱ्यांचा आहे.

याचा अर्थ प्रशिक्षणात उणिवा नाहीत, असा मात्र कोणी करू नये. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून कालबाह्य यंत्रे आहेत, निदेशकांच्या जागा रिकाम्या राहतात, आणि देशातील तरुणांपैकी औपचारिक व्यवसाय प्रशिक्षण मिळालेल्यांचे प्रमाण चार-पाच टक्क्यांच्या आसपासच आहे. या उणिवा खऱ्या आहेत आणि त्या दूर करण्यासाठी आपण भांडलेच पाहिजे. पण त्यांचे खापर बेकार तरुणाच्या माथी फोडणे, 'तुला काम नाही कारण तुला काही येत नाही' असे त्याला सांगत राहणे, हे निदान नव्हे. ती जबाबदारीची अदलाबदल आहे.

शिकाऊपणाचा पूर्वेतिहास

शिकाऊ उमेदवारी ही संस्था जुनी आहे आणि तिच्यातील कलहही जुना आहे. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने धंदा करण्यापूर्वी सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली होती. ॲडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात या दीर्घ उमेदवारीवर हल्ला चढविला. अनेक धंदे शिकावयास इतकी वर्षे लागत नाहीत, आणि उमेदवाराला आपल्या श्रमाचे फळ मिळत नसल्याने तो आळशी बनतो, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. ज्या अर्थशास्त्रज्ञाचे नाव घेऊन आज मुक्त बाजाराची आरती ओवाळली जाते, त्याने अडीचशे वर्षांपूर्वी नोंदविलेले हे निरीक्षण मालकवर्गाला सोयीस्करपणे विस्मरणात टाकता आले आहे.

आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांत औपचारिक प्रशिक्षण जवळजवळ नव्हतेच. १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. पण तिचे विद्यार्थी प्रामुख्याने देखरेखीच्या जागांवर जात. साच्यावर उभा राहणारा माणूस भावाच्या, चुलत्याच्या किंवा गाववाल्याच्या शेजारी उभा राहून काम शिके. भरतीची किल्ली जॉबरच्या हाती असे. शिकून तयार झालेला माणूसही लगेच कायम होत नसे. तो बदली कामगार म्हणून रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा राही. कोणी गैरहजर असेल तर त्याला काम, नाहीतर घरची वाट. कौशल्य पूर्ण, काम अर्धे आणि हक्क शून्य, ही अवस्था आजच्या तरुणावर प्रथमच आलेली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, तेव्हा वेतन आणि बोनस यांच्याबरोबरच बदली कामगारांना कायम करण्याची मागणीही पुढे होती, हे या ठिकाणी लक्षात घ्यावे.

त्या इतिहासातील आणखी एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. गिरणीतील अधिक पगाराचे काम साचाखात्यात होते, आणि त्या खात्याचे दार अस्पृश्य मानलेल्या कामगारांना बंद होते. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे. म्हणून स्पर्शास्पर्शाची सबब पुढे केली जाई. त्यांना त्रासनखात्यात आणि कमी मजुरीच्या कामांत राहावे लागे. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. कौशल्य शिकण्याची संधी कोणाला द्यावयाची हा प्रश्न आपल्या समाजात कधीच निव्वळ तांत्रिक नव्हता. आजही चामडे कमावणारा, गटार उपसणारा, विडी वळणारी किंवा शेतात लावणी करणारी यांच्या अंगी वर्षानुवर्षांच्या सरावाने आलेले कसब असते. परंतु किमान वेतनाच्या तक्त्यात त्यांतील बहुतेकांची जागा 'अकुशल' या रकान्यात असते. कुशल कोण, हे ठरविणारी लेखणी कोणाच्या हाती आहे, हे आपण नेहमी विचारले पाहिजे.

कायदा आणि त्यातील वाटा

स्वातंत्र्यानंतर या क्षेत्रात काही चांगले काम झाले, हे मान्य केले पाहिजे. १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे, म्हणजे आपल्या बोलण्यातील आयटीआयचे, जाळे विणले गेले. महाराष्ट्रात आज चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमन होऊन शेतमजुराच्या मुलाने शहरात घर केले, ते या संस्थांच्या बळावर. १९६१ साली शिकाऊ उमेदवार कायदा झाला. आयटीआयमधून निघालेल्या मुलाला प्रत्यक्ष कारखान्यातील यंत्रावर हात बसविण्याची संधी मिळावी आणि मालकाने ती देणे बंधनकारक असावे, हा त्याचा हेतू होता, आणि तो योग्यच होता.

परंतु या कायद्यातील दोन कलमे आपण प्रत्येकाने वाचून ठेवावीत. कलम १८ म्हणते, शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. कामगारविषयक कायदे त्याला लागू नाहीत. कलम २२ म्हणते, उमेदवारी संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही, करारात तसे लिहिले असेल तर गोष्ट वेगळी. सुरक्षितता आणि अपघाताची नुकसानभरपाई यांबाबतचे संरक्षण कायद्याने उमेदवारालाही दिले आहे, हेही लक्षात ठेवावे. कारण कारखान्यात ते बहुधा कोणी सांगत नाही.

ही सूट ज्या गृहीतावर दिली गेली ते असे होते की, उमेदवार थोडे असतील, कायम कामगार पुष्कळ असतील, आणि उमेदवार खरोखरच शिकत असेल. गृहीत कोसळले, सूट तेवढी शिल्लक राहिली. ते कसे घडले हे क्रमाने पाहू.

महाराष्ट्रातील आदर्श स्थायी आदेशांत एक महत्त्वाची तरतूद होती. बदली किंवा तात्पुरत्या कामगाराने बारा महिन्यांत २४० दिवस काम केले तर त्याला कायम केले पाहिजे. शिवाय वर्षानुवर्षे बदली किंवा तात्पुरते ठेवून कायमपणाचे लाभ नाकारणे ही अनुचित कामगार प्रथा होय, असे आपल्या राज्याच्या १९७१ च्या कायद्याने ठरविले. यावर मालकांनी काढलेली पहिली वाट म्हणजे 'ब्रेक'. सात महिने भरत आले की नाव कमी करावयाचे आणि काही दिवसांनी दुसऱ्या नावाने, दुसऱ्या ठेकेदाराकडून किंवा शेजारच्या कारखान्यात तोच मुलगा पुन्हा घ्यावयाचा. दुसरी वाट कंत्राटदाराची. कंत्राटी कामगारांसाठी १९७० चा कायदा होता. परंतु कंत्राटी पद्धत बंद केली तरी कामगार आपोआप मूळ मालकाचे ठरत नाहीत, असा निर्णय २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात दिला, आणि ती वाट हमरस्ता बनली.

तिसरी वाट प्रशिक्षणाची. २०१३ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेमार्फत 'नीम' नावाची योजना आली. तीत तीन महिन्यांपासून छत्तीस महिन्यांपर्यंत तरुणाला 'प्रशिक्षणार्थी' म्हणून ठेवण्याची सोय होती, आणि त्याची नोंद कारखान्याकडे नव्हे तर मधल्या एजंटाकडे होती. छत्तीस महिने! वैद्यकीय महाविद्यालयातून निघालेला डॉक्टर तेवढ्या काळात तज्ज्ञ होतो. ही योजना आता बंद झाली आहे, पण तिने घालून दिलेला धडा बंद झालेला नाही. २०१४ साली शिकाऊ उमेदवार कायद्यात दुरुस्ती होऊन मालकाला स्वतःच्या सोयीचे 'ऐच्छिक' व्यवसाय ठरविण्याची मोकळीक मिळाली. २०१९ च्या नियमांनी मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेण्याची मर्यादा घातली आणि किमान विद्यावेतन शिक्षणानुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ठेवले. २०१८ पासून ठरावीक मुदतीची नोकरी सर्व उद्योगांना खुली झाली.

आणि आता शेवटची पायरी. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'कामगार' या शब्दाची व्याख्या करताना कंसात 'शिकाऊ उमेदवार धरून' असे शब्द घातलेले होते. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत त्याच जागी 'शिकाऊ उमेदवार वगळून' असे शब्द आले. ही संहिता अन्य तीन संहितांसह २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आणली गेली आहे. 'धरून' आणि 'वगळून' या दोन शब्दांमध्ये त्र्याहत्तर वर्षांचे अंतर आहे. कामगार चळवळीची किती पीछेहाट झाली हे मोजावयाचे असेल तर दुसरी मोजपट्टी नको. त्याच संहितेने स्थायी आदेशांची सक्ती शंभरऐवजी तीनशे कामगारांच्या आस्थापनेपासून ठेवली. म्हणजे लहान-मध्यम कारखान्यातील तरुणाच्या हातून २४० दिवसांचा जुना आधारही निसटण्याची वेळ आली आहे.

खुद्द शासनाचा कित्ता

खाजगी मालकांना दोष देत असताना शासनाने स्वतः काय केले, हे पाहावयास हवे. कारण मालकांनी कित्ता तेथूनच गिरविला. २००० साली महाराष्ट्र शासनाने 'शिक्षणसेवक' ही जात निर्माण केली. डी.एड., बी.एड. होऊन, म्हणजे शिकविण्याचे रीतसर प्रशिक्षण घेऊन आलेल्या माणसाला पहिली तीन वर्षे वेतनश्रेणी नाही, मानधन. वर्ग तोच, विद्यार्थी तेच, जनगणनेचे आणि निवडणुकीचे काम तेच. पुढे २०२३ साली मानधनाची रक्कम वाढली, पण तीन वर्षांच्या शिकाऊपणाचे तत्त्व कायम राहिले. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकविणारे प्राध्यापक आहेत, पीएच.डी. झालेली, नेट-सेट उत्तीर्ण माणसे दहा-पंधरा वर्षे तासांच्या हिशेबाने जगतात आणि उन्हाळ्याच्या सुटीत त्यांना काहीच मिळत नाही. आशा आणि अंगणवाडीच्या भगिनींना तर 'स्वयंसेविका' आणि 'मानसेवी' अशी गोड नावे दिली आहेत. नाव बदलले की वेतनाचे मानधन होते आणि हक्काची मेहेरबानी होते.

२०२४ साली राज्य शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी उत्तीर्णाला दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये. मुदत सहा महिने. २०२५ साली ती आणखी पाच महिन्यांनी वाढविण्यात आली. हे तरुण ग्रामपंचायतींत, शाळांत, तहसील कचेऱ्यांत बसले. जेथे मंजूर पदे वर्षानुवर्षे रिकामी होती तेथे त्यांनी दप्तर सांभाळले, ऑनलाइन अर्ज भरले, मुले शिकविली. मुदत संपल्यावर ते रस्त्यावर आले आणि त्यांनी विचारले, 'अकरा महिने आम्ही जे काम केले त्याचे पुढे काय?' हा प्रश्न रास्त आहे. पद रिकामे ठेवून त्यावर प्रशिक्षणार्थी बसविणे हे प्रशिक्षण नव्हे. तो स्वस्त नोकरभरतीचा मार्ग आहे. २०२४ सालीच केंद्राने पाच वर्षांत एक कोटी तरुणांना मोठ्या कंपन्यांत दरमहा ५,००० रुपयांवर इंटर्नशिप देण्याची घोषणा केली. दिशा तीच आहे.

पंधरा दिवसांची कसोटी

आता आपण कारखान्याच्या आत येऊ. कौशल्य बदलते म्हणजे नेमके काय होते?

जुन्या लेथवर काम करणारा टर्नर ड्रॉइंग वाचीत असे, हत्यार स्वतः घाशीत असे, धातूच्या आवाजावरून आणि निघणाऱ्या बुरावरून कापाचा अंदाज घेत असे. हे कसब यावयास वर्षे लागत. संगणकनियंत्रित यंत्र आले तेव्हा या कामाचे तुकडे झाले. प्रोग्रॅम एक जण लिहितो, जुळणी दुसरा करतो, आणि यंत्रापुढे उभा असलेला मुलगा तुकडा आत ठेवतो, दार लावतो, कळ दाबतो, तुकडा बाहेर काढतो. कारखान्यात याला लोडिंग-अनलोडिंग म्हणतात. अमेरिकन लेखक हॅरी ब्रेव्हरमन याने १९७४ साली 'लेबर अँड मोनॉपली कॅपिटल' या ग्रंथात हीच प्रक्रिया विशद केली. भांडवलशाहीतील यंत्र विचार आणि कृती यांची फारकत करते. मूठभरांचे कौशल्य वाढते आणि बहुसंख्यांचे काढून घेतले जाते. ब्रेव्हरमनच्या मांडणीवर पुढे आक्षेपही घेतले गेले, आणि त्यांतील काही योग्य आहेत. नवी यंत्रे नवी कौशल्येही जन्माला घालतात. तोच मुलगा प्रोग्रॅम लिहावयास शिकू शकतो, दुरुस्ती शिकू शकतो. प्रश्न इतकाच की, त्याला ते कोणी शिकवीत आहे काय?

यावरून मी आपल्याला एक साधी कसोटी देतो. मालकाला दोनच प्रश्न विचारावेत. पहिला, हे काम पंधरा दिवसांत येते काय? येत असेल, तर सोळाव्या दिवसापासून तो मुलगा कामगार आहे. त्याला वर्ष-दोन वर्षे शिकाऊ म्हणण्याचा आधार काय? दुसरा, हे काम यावयास दोन वर्षे लागतात काय? लागत असतील, तर दोन वर्षे खर्च करून तयार केलेला माणूस तुम्ही बाहेर कसा काढता? दोन्ही प्रश्नांना एकाच वेळी समाधानकारक उत्तर देता येईल असा मालक मला भेटावयाचा आहे.

या व्यवस्थेची किंमत पैशातच मोजावी लागते असे नाही. वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत पॉवर प्रेसखाली बोटे तुटतात. 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून या अपघातांचे अहवाल प्रसिद्ध करीत आली आहे. तिचे काम हरियाणातील मानेसर-गुरुग्राम पट्ट्यात सुरू झाले आणि पुढे तिने महाराष्ट्रातील जखमी कामगारांच्याही नोंदी घेतल्या. जखमींत तरुण, स्थलांतरित आणि कंत्राटी कामगारांचा भरणा मोठा आहे. नव्या माणसाला धोकादायक यंत्रावर उभे करावयाचे, उत्पादनाचा आकडा अंगावर टाकावयाचा, आणि दर काही महिन्यांनी पुन्हा नवा माणूस आणावयाचा, असे केल्यावर दुसरे काय होणार? अनुभव ही यंत्रावरील सर्वांत मोठी संरक्षक जाळी आहे आणि 'ब्रेक'ची पद्धत तीच काढून घेते. ज्याची तर्जनी तुटली त्याच्या हातातील आयटीआयच्या प्रमाणपत्राचे मोल काय राहते, याचा विचार करावा.

दुसरे असे की, मोडत-मोडत केलेल्या नोकरीत कौशल्य साठत नाही. वीस वर्षांचा मुलगा सात महिने एका ठिकाणी, आठ महिने दुसऱ्या ठिकाणी करीत तिशीला पोहोचतो, तेव्हा दहा वर्षांचा अनुभव त्याच्या खाती जमा नसतो. सात महिन्यांचा अनुभव पंधरा वेळा घेतलेला, एवढेच त्याचे भांडवल असते. तिशीनंतर त्याला लाईनवर घेत नाहीत. तो गावी जातो, रिक्षा चालवितो किंवा घरोघर पार्सले पोहोचवितो. लग्न जमत नाही म्हणून गावोगावी जी अस्वस्थता आहे तिचा एक धागा येथे येऊन पोहोचतो.

विजेवरील वाहनांचे युग येत असताना हा प्रश्न अधिक गंभीर होणार आहे. विजेच्या मोटारीला इंजिन नाही. सिलिंडर, पिस्टन, गिअरपेटी यांची गरज नाहीशी होते किंवा पुष्कळ कमी होते. कोल्हापूरच्या फाउंड्र्या, पिंपरी-चिंचवड आणि वाळूज येथील सुट्या भागांचे लघुउद्योग यांच्यापुढे हे संकट आहे. ओतकाम, मशिनिंग जाणणाऱ्या हजारो हातांना नवे काम शिकवावे लागेल. पण ज्याचे नाव कोणाच्याच हजेरीपटावर धड नाही, त्याला शिकविणार कोण? कायम कामगारासाठी कंपनी कदाचित वर्ग भरवील. ठेकेदाराच्या माणसासाठी फाटक बंद होईल, एवढेच.

खर्च कोणी सोसावा?

येथे अर्थशास्त्रातील एक प्रश्न येतो. १९६४ साली गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, जे कौशल्य कोणत्याही कारखान्यात चालते त्यावर एकटा मालक खर्च करणार नाही. कारण शिकविलेला माणूस उद्या शेजाऱ्याकडे जाईल. बेकर काही समाजवादी नव्हते. परंतु त्यांच्या विश्लेषणातून आपल्या उपयोगाचा निष्कर्ष निघतो. प्रत्येक मालक शेजाऱ्याने शिकवावे अशी वाट पाहत बसला तर कोणीच शिकविणार नाही, आणि सर्व मिळून सरकारकडे कौशल्याच्या टंचाईची तक्रार घेऊन जातील. आज तेच चालले आहे. यावर उपाय एकच. सर्व मालकांकडून वेतनखर्चाच्या प्रमाणात अधिभार घ्यावा आणि जो खरोखर शिकवितो त्याला त्यातून परतफेड करावी. ब्रिटनने १९६४ च्या औद्योगिक प्रशिक्षण कायद्याने हा मार्ग चोखाळला, आणि २०१७ पासून मोठ्या आस्थापनांवर वेतनखर्चाच्या अर्धा टक्का अधिभार पुन्हा बसविला. आपल्याकडे उलटी गंगा वाहते. २०१६ च्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १,५०० रुपयांपर्यंत, सरकार सोसते. प्रशिक्षणाचा खर्च करदात्याचा, श्रम उमेदवाराचे आणि नफा मालकाचा.

जर्मनीचे उदाहरण आपले मंत्री नेहमी देतात. ते पूर्ण द्यावे, एवढीच विनंती. तेथे १९६९ च्या कायद्यानुसार उमेदवारीची मुदत, अभ्यासक्रम आणि दर्जा ठरलेला असतो. साधारणतः दोन ते साडेतीन वर्षे उमेदवार आठवड्याचे काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस शाळेत शिकतो. त्याचे वेतन बहुधा कामगार संघटनांनी केलेल्या सामुदायिक करारातून ठरते; २०२० पासून त्यालाही कायद्याने किमान मर्यादा आहे. परीक्षा मंडळात मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान असतात, जोडीला शिक्षक असतो. तेथील व्यवस्थाही निर्दोष नाही. पण तिचा पाया संघटित कामगार हा आहे. तो पाया वगळून वरचा मजला तेवढा आयात करता येत नाही.

आपण काय करावे?

कार्यकर्त्यांपुढे नुसते विश्लेषण ठेवून थांबणे योग्य नाही. म्हणून काही कामे सुचवितो. ती मोठी नाहीत, परंतु आपल्या आवाक्यातील आहेत.

पहिले काम मोजणीचे. आपापल्या औद्योगिक वसाहतीतील प्रत्येक मोठ्या कारखान्यात कायम किती, कंत्राटी किती, शिकाऊ कोणकोणत्या नावांनी किती, याची यादी करावी. सरकारी कार्यालयांत आणि शाळांत प्रशिक्षणार्थी कोणत्या मंजूर पदाच्या जागी बसले होते, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. आकडा हाती आल्याखेरीज मागणीला वजन येत नाही.

दुसरे काम करार वाचण्याचे. मुलगा कोणत्या कायद्याखाली, कोणत्या व्यवसायात, किती मुदतीसाठी उमेदवार आहे, त्याची नोंदणी झाली आहे काय, त्याला शिकविणारा माणूस नेमला आहे काय, हे पाहावे. ज्याच्या हाती असा नोंदलेला करार नाही आणि जो उत्पादनाचे काम करतो, तो केवळ मालकाने 'ट्रेनी' म्हटल्यामुळे शिकाऊ ठरत नाही. त्याची बाजू लढविता येते.

तिसरे काम संघटनांच्या अंगणातील आहे. कायम कामगारांच्या संघटना दर तीन वर्षांनी वेतनकरार करतात आणि त्यात शिकाऊ मुलांचा उल्लेखही नसतो. काही ठिकाणी तर कायमांची वाढ ट्रेनींची संख्या वाढवून भरून काढली जाते, आणि ते सर्वांना ठाऊक असते. ही दरी बुजविल्याशिवाय कोणतीही संघटना आणखी एक पिढी टिकणार नाही; कारण कायम कामगार निवृत्त होत आहेत आणि त्यांच्या जागी सभासद होण्यास पात्र असा माणूसच उरत नाही. पुढील मागणीपत्रात चार कलमे असावीत. उमेदवारांच्या संख्येला मर्यादा. धोकादायक यंत्रावर त्यांना एकटे उभे करण्यास मनाई. समान कामाला समान वेतन. आणि मुदत संपल्यावर रिकाम्या जागांवर त्यांना प्राधान्य.

चौथे काम कायदेशीर मागणीचे. संहितेतील 'वगळून' हा शब्द काढून पुन्हा 'धरून' हा शब्द घालावा. प्रशिक्षणासाठी मालकांवर अधिभार बसवावा. आयटीआयच्या रिकाम्या जागा भराव्यात आणि कामावर असलेल्या, तिशी ओलांडलेल्या कामगारालाही तेथे संध्याकाळी नवे यंत्र शिकता यावे. परीक्षा मंडळांवर कामगारांचे प्रतिनिधी असावेत. यांतील एकही मागणी क्रांतिकारक नाही. भांडवलशाही देशांनी त्यांतील बऱ्याचशा केव्हाच मान्य केल्या आहेत.

मित्रहो, माणूस जन्मभर शिकत असतो, आणि नव्या यंत्रांच्या काळात तर त्याने शिकलेच पाहिजे. आपण शिक्षणाच्या विरोधात नाही. शिक्षणाच्या नावाखाली चालणाऱ्या फसवणुकीच्या विरोधात आहोत. जो शिकतो त्याला शिकविणारा मिळाला पाहिजे, शिकण्याला शेवट असला पाहिजे, आणि त्या शेवटापाशी कामगार म्हणून त्याचे नाव हजेरीपटावर चढले पाहिजे. पुढल्या वर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या भागातील निदान एका कारखान्याची यादी करून आणावी, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.